मुरुडमध्ये राहून मॅनेजमेंट शिकण्याची शास्त्रोक्त पद्धत

सर्वप्रथम मुरुड कोणते, ते नक्की करावे. गुगलवर नुसते ‘मुरुड’ टाकले की जंजिरा किल्ला, नारळाची झाडे आणि होमस्टेचे दर येतात. दापोलीजवळचे मुरुड महर्षी कर्व्यांचे. आपले मुरुड लातूर-बार्शी रस्त्यावरचे. इथे लाटा येत नाहीत, सोयाबीन येते. अर्जात ‘जि. लातूर’ ठळक लिहावे, नाहीतर पुण्यातला कारकून ‘बीच कसा आहे?’ म्हणून विचारतो आणि पुढची दहा मिनिटे वाया जातात.

दुसरी पात्रता म्हणजे नीटला न बसलेले, किंवा बसून उठलेले असणे. ज्या जिल्ह्याने राज्याला ‘लातूर पॅटर्न’ दिला, तिथे डॉक्टर न होण्यासाठी कारण लागते. लग्नाच्या पंगतीत शेजारचे मामा विचारणारच, “काय करायलास सध्या?” “बीबीए करायलोय.” “बरं. पण नीटचं काय झालं?” याचे उत्तर देऊ नये. वाढपी दिसताच “मामांना वरण वाढा की!” असे मोठ्याने म्हणावे. पहिल्या सत्रात संवादकौशल्य नावाचा विषय असतो, त्यात याहून जास्त काही नसते.

आता अभ्यास. हेन्री फेयॉलची 14 तत्त्वे पाठ करावीत. बारावी वाणिज्यला ती एकदा पाठ केलेली असतात, तरी पुन्हा करावीत, कारण पदवीलाही तीच येतात. ‘आदेशातील एकवाक्यता’ म्हणजे एका माणसाला हुकूम देणारा वरिष्ठ एकच असावा. हे लिहिताना आडतीवरच्या हमालाचा विचार मनात आणू नये. त्याला मालक सांगतो पोती आत टाक, मुनीम सांगतो बाहेर काढ आणि मालकाचा मुलगा सांगतो आधी चहा सांग. तो तिघांनाही “हो” म्हणतो आणि चौथेच काम करतो. तरी संध्याकाळपर्यंत गाडी भरून जाते. फेयॉलसाहेबांकडे याला तत्त्व नाही, त्यामुळे याला गुणही नाहीत.

टेलरचे ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ पुस्तक 1911 मध्ये अमेरिकेत निघाले, हे सन पाठ ठेवावे. त्याच 1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरला पोचली, हे मात्र कोणी विचारणार नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने अडीच फुटी रुळांची ही गाडी आखली. कोणत्याही आसावर 5 टनांपेक्षा जास्त भार नको, असा त्याचा हट्ट होता. भार सगळ्या आसांवर सारखा वाटला तर हलके, स्वस्त रूळ पुरतात आणि त्यावरून चांगली जड गाडी ओढता येते. कमी भांडवलात जास्त माल नेण्याचा इतका चोख धडा आपल्या गावाशेजारून गेला. पण तो मराठवाड्यातला असल्याने आपल्याला जपानच्या मोटार कारखान्याचे उदाहरण देतात. परीक्षेत जपानच लिहावे.

यानंतर प्रोजेक्ट. प्रोजेक्टचा विषय ठरलेला असतो: दुचाकी शोरूममधील ग्राहकांचे समाधान. नमुना 100 ग्राहकांचा. 99 चालत नाहीत आणि 101 केल्यास शंका येते. हे ग्राहक कॉलेजच्या कट्ट्यावर बसून तीन रंगांच्या पेनांनी एका दुपारी भरता येतात. दोघेतिघे असमाधानी ठेवावेत, त्याने संशोधनाला खरेपणा येतो. पाय चार्ट रंगीत छापावा. निष्कर्ष: बहुतांश ग्राहक समाधानी असून सेवा सुधारण्यास वाव आहे. हे वाक्य दुचाकी, बँक, दूध संघ आणि दवाखाना, कुठेही जसेच्या तसे चालते.

ज्यांना गुण नको असतील त्यांनी दुसरा प्रोजेक्ट करावा. घरातल्या खुंटीला टोचलेल्या आडतीच्या पट्ट्या काढाव्यात आणि एकेक ओळ वाचावी. वजन किती, कडता किती कापला, हमाली, तोलाई किती आणि हातात काय आले? 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता. सरकारी खरेदीला ओलावा 12 टक्क्यांच्या आत लागे. दिवाळीच्या तोंडावर पावसात भिजलेला माल तो आकडा कसा गाठणार? नोव्हेंबरात केंद्राने मर्यादा 15 टक्क्यांवर नेली, तोवर ज्याच्या घरी लग्न किंवा देणे होते तो हमीभावाच्या खाली माल घालून मोकळा झाला होता. थांबणे कोणाला परवडते आणि कोणाला नाही, हा खेळत्या भांडवलाचा अख्खा धडा त्या खुंटीवर आहे. जोखीम व्यवस्थापनाच्या तासाला सर वायदे बाजार समजावतात. त्यांना नम्रपणे आठवण करून द्यावी की सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर 2021 मध्येच थांबवले. उत्तर येईल, “ते सिलॅबसमध्ये नाही.” वहीत तेवढे लिहून घ्यावे.

मध्येच कॉलेज सोडायचे असेल तर खुशाल सोडावे. नव्या शैक्षणिक धोरणात एक वर्षाने प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चौथ्याला ऑनर्स मिळतो. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे काढून मोठ्या विद्यापीठात जातात, तसेच काहीसे. आपल्याकडे काढणीला पोरगे गायब होण्याची सोय फार जुनी, आता तिला कागद मिळतो एवढेच.

नोकरीच्या मुलाखतीत पुण्याची कंपनी दोनच गोष्टी विचारते: दुचाकी आहे का आणि टार्गेट झेपेल का. दोन्हीला “हो” म्हणावे. शोरूमचा प्रोजेक्ट इथे कामी येतो.

प्रवेशाचा विषय मुद्दाम शेवटी ठेवला, कारण गावात तो शेवटीच कळतो. 2024 पासून बीबीए, बीएमएस एआयसीटीईखाली गेले आणि सीईटी लागली. परीक्षा आली म्हणताच राज्यातल्या बऱ्याच कॉलेजांनी अस्सल व्यवस्थापन दाखवले, म्हणजे अभ्यासक्रमाचे नाव बदलले. बीएमएस गेले आणि मॅनेजमेंट स्टडीजमधले बी.कॉम. आले. सीईटी नको, फेऱ्या नकोत, बारावीची मार्कमेमो द्या आणि बसा. गावातले सगळे जाणकार हाच रस्ता सांगतील.

इथे गंमत थांबवतो. जुलै 2024 च्या शासन निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या, 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. ही माफी सरकारी प्रवेशफेरीतून आलेल्यांना आहे. व्यवस्थापन कोट्यातून किंवा संस्थेच्या पातळीवर प्रवेश घेतला तर ती मिळत नाही. तेव्हा मुलीला बीबीए करायचे असेल, तर सीईटीचा अर्ज वेळेत भरा.