पुण्याच्या तिकिटात मुंबई दाखवणाऱ्या विमान कंपनीस

माननीय व्यवस्थापक महोदय,


परवा रात्री नागपूरहून पुण्याला निघालेल्या आम्हा प्रवाशांना आपण मुंबई दाखवलीत, त्याबद्दल आधी आभार मानते.

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर वादळी पाऊस होता. तिथे विमान उतरवले नाही, हे योग्यच झाले. वैमानिकांची मी खरोखर ऋणी आहे. पावसाचा राग आपल्यावर काढायचा नाही.

पण नागपुरातला अडीच तासांचा खोळंबा पावसाचा नव्हता. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचे विमान दोन तास रखडले की खाणेपिणे द्यायचे, हा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. आमची पोटे बिघडू नयेत म्हणून आपण तो पाळला नाहीत. केवढी ही काळजी!

मुंबईत पावणेतीन तास विमानाचे दार बंद ठेवून आपण आम्हाला सोबत दिलीत. आधी म्हणालात ‘अर्ध्या तासात निघू’, मग ‘इंधन भरतोय’, मग ‘पुण्याची परवानगी नाही’. तेव्हा शेजारच्या मुलाच्या मोबाइलवर पुण्यात विमाने उतरताना दिसत होती. वैमानिकांच्या ड्यूटीचे तास संपलेत, हे शेवटी एका हवाई सुंदरीने हळूच सांगितले. ती मर्यादा आमच्याच जिवासाठी आहे. मग सांगायला संकोच कसला?

१४ बीवरच्या आजींना इन्सुलिन घ्यायचे होते. काही खायला मिळेल का, म्हणून त्यांनी तीनदा विचारले. ‘रोख घेत नाही, कार्ड आहे का?’ आजींनी पदराची गाठ सोडून काढलेली शंभराची नोट तशीच हातात राहिली. मागच्या रांगेतून कुणीतरी दशम्या पुढे पाठवल्या, तेव्हा त्या जेवल्या.

जानेवारी २०२४मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेले प्रवासी असेच मुंबईत आले आणि विमाने उभी राहतात तिथे जमिनीवर बसून जेवले. तेव्हा दंडही झाले. तेवढ्याने आपण कुणी शहाणे झाला असाल, असे मला तरी वाटत नाही.

पहाटे चारला आपण विमानाच्या तिकिटावर बसचा प्रवास घडवलात, त्याबद्दलही आभार. एकच मागणे आहे : पुढच्या वेळी पहिल्या दहा मिनिटांत खरे काय ते सांगा आणि म्हाताऱ्या माणसाला घासभर अन्न द्या.

साडेसातला बस लोहगावला पोचली. आजींचा मुलगा रात्री साडेनऊपासून बाहेर उभा होता. आपला एकही निरोप त्याला मिळाला नव्हता.

आपली,
आसन १४ सी