पानं किती आहेत?

पूर्वी महिन्याच्या एक तारखेला घराघरातून वाण्याची यादी निघायची. आता वाचनाची निघते. फरक एवढाच, की वाण्याचं सामान महिनाअखेरपर्यंत संपायचं.

आमच्या सोसायटीचा वाचनकट्टा दर महिन्याच्या पहिल्या रविवारी भरतो. गेल्या महिन्यात काय वाचलं ते सांगायचं, या महिन्यात काय वाचणार ते जाहीर करायचं, मग बटाटेवडे. किती जण येणार हे आदल्या दिवशी कळवणं सक्तीचं आहे, कारण वड्यांची ऑर्डर द्यायची असते. वाचून या, अशी सक्ती नाही. कट्ट्याची भरभराट चालली आहे ती त्यामुळेच.

त्यातही संकल्पाचा भाग खास ऐकण्यासारखा. ‘या महिन्यात मी...’ असं म्हणून माणूस छातीभर श्वास घेतो आणि मग अशी काही नावं बाहेर पडतात, की पुढच्या ओळीत बसलेल्यांनी नकळत पाठ ताठ करावी. जुलैच्या सभेत बी विंगमधल्या एका संगणकवाल्या गृहस्थांनी तर रंगीत तक्ता करून आणला. पुस्तकाचं नाव, एकूण पानं, रोजची पानं, झालेलं काम टक्क्यांत. नेमाड्यांची ‘हिंदू’ २०१० साली आली, पानं सहाशेच्या घरात. रोज वीस पानं धरली की महिन्यात फडशा. गणित चोख होतं. पण कादंबरी मोहेंजोदडोच्या उत्खननापाशी सुरू होते, आणि गृहस्थ पहिल्या आठवड्यात त्या खड्ड्यात जे उतरले ते अजून वर आलेले नाहीत. तक्त्यात तो रकाना आता लाल आहे. पण रंग वेळच्या वेळी भरलेला आहे, हे महत्त्वाचं.

त्यांच्या शेजारच्या काकांनी आषाढ असल्याने ज्ञानेश्वरी घेतली. रोज एक अध्याय, अठरा दिवसांत समाप्ती, उरलेल्या दिवसांत ‘सेपियन्स’. ऐकायला छान. बाराव्या अध्यायात अडीचशेच्या आत ओव्या आहेत आणि अठराव्यात अठराशेच्या आसपास. ‘रोज एक’ हा हिशेब ज्ञानेश्वरी उघडण्याच्या आधी केलेला आहे एवढं त्यावरून कळतं. काका अकराव्या दिवशी विश्वरूपदर्शनापाशी पोचले म्हणतात. पुढे अर्जुनही घाबरला होता, तिथे काकांचं काय!

प्रत्येकाची यादी ऐकून ऐकून मला एक साचा सापडला आहे. पहिलं पुस्तक जाड असतं, ते लोकांसाठी. दुसरं आध्यात्मिक, ते घरच्यांसाठी. तिसरं इंग्रजी, ते अमेरिकेतल्या मुलासाठी, कारण त्यानेच पाठवलेलं असतं. चौथं नाव आवाज खाली आणून येतं: ‘आणि वेळ मिळालाच तर आपलं... सुहास शिरवळकरांचं एखादं.’ माझं निरीक्षण असं, की महिनाभरात खरोखर वाचून होतं ते हे चौथं. ‘दुनियादारी’ १९८२ची आहे. कॉलेजात असताना बाकाखाली धरून वाचली होती, आता साठी उलटल्यावर यादीखाली धरून वाचतात. अभिप्राय मात्र पहिल्या तीनवर देतात. आवडलेल्या पुस्तकाबद्दल बोलायला माणसं इतकी का लाजतात, कोण जाणे. न वाचलेल्याबद्दल बोलताना तर कोणी लाजलेलं पाहिलं नाही.

वीस तारखेनंतर कट्ट्याच्या ग्रुपवर वातावरण बदलतं. ‘या कादंबरीत काय आहे?’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘पानं किती आहेत?’ हा पुढे येतो. महिन्याला चार पुस्तकं असं जाहीर केलेलं असतं, एकही झालेलं नसतं, रविवार तोंडावर आलेला असतो. अशा वेळी मराठी साहित्यातल्या सडपातळ कृतींना चांगले दिवस येतात. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वर्षभर कपाटात उभी असते, महिनाअखेरीला तिच्यावर झडप पडते. पण सर्वाधिक मागणी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ला. १९३९ची कादंबरी, जेमतेम शे-सव्वाशे पानं, आणि नाव असं भारदस्त की पाचशे पानांची वाटावी.

तर अशाच एका महिनाअखेरीला ‘रणांगण’ नेलेले आमचे एक सदस्य, पेशाने निवृत्त अधिकारी, सभेत उठले. खाकरले. म्हणाले, ‘युद्धाचं इतकं प्रत्ययकारी चित्रण मी मराठीत दुसरं वाचलेलं नाही. तोफा अक्षरशः ऐकू येतात.’

सभा हेलावली. दोघांनी नाव टिपून घेतलं. आता, ‘रणांगण’ घडते ती युरोपातून परतणाऱ्या एका बोटीवर. चक्रधर विध्वंस नावाचा मराठी तरुण आणि हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन निघालेली हॅर्टा ही ज्यू मुलगी, यांची ती गोष्ट. बोटीवर डेक आहे, केबिनी आहेत, जेवणाचं टेबल आहे. तोफ नाही. महायुद्ध अजून सुरूच व्हायचं आहे, आणि तरीही तो संहार पानापानांत जाणवत राहतो, हेच तर बेडेकरांचं कसब. कोपऱ्यातल्या एका मुलीने हळूच विचारलं, ‘काका, पण ती बोटीवरची आहे ना?’ निवृत्त अधिकारी क्षणभरही डगमगले नाहीत. ‘हो, आरमाराचंच युद्ध म्हणतोय मी.’

असा माणूस सरकारी नोकरीत वर का गेला असेल हे त्या दिवशी कळलं.

अभिप्रायांची भाषा हा वेगळाच विषय आहे. कोणतंही पुस्तक असो, ते ‘अंतर्मुख करणारं’ असतं. भाषा ‘ओघवती’ असते. वाचताना ‘हातातून खाली ठेववत नाही’. ‘मृत्युंजय’ एका बैठकीत वाचून संपवल्याचं सांगणारे आमच्या इथे तिघे आहेत. तेवढी बैठक मारून ते उठले कसे, हे एखाद्या अस्थितज्ज्ञाने तपासायला हवं. ‘संग्रही असावं असं पुस्तक’ याचा अर्थ प्रदर्शनात सवलतीत मिळालं, पिशवीतून काढून कपाटात ठेवलं. ‘प्रत्येकाने वाचायलाच हवं’ म्हणजे मी सोडून. ‘काही ठिकाणी पाल्हाळ झाला आहे’ असं कोणी म्हणालं की समजावं, हा माणूस मधली दीडशे पानं गाळून शेवटावर गेलेला आहे. आणि ‘कोसला’बद्दल बोलताना ‘पांडुरंग सांगवीकर आपल्या सगळ्यांतच कुठेतरी असतो’ हे वाक्य म्हटल्याशिवाय खाली बसायची परवानगी नाही. १९६३ साली आलेली ही कादंबरी नेमाड्यांनी पंधरवड्याच्या आसपास लिहून काढली. आमच्यातल्या एका बाई ती दोन वर्षं वाचत आहेत. सांगवीकर पुण्यात शिकून, नापास होऊन, गावी परतलाही. बाई अजून होस्टेलच्या जिन्यात.

पुस्तकाबरोबर फोटो काढणं आता वाचनाचाच भाग झालं आहे. खिडकीची कड, कुंडीतलं हिरवं पान, वाफाळता चहा, घडी घातलेला चष्मा आणि मधोमध पुस्तक. चष्मा टेबलावर असताना वाचतं कोण, असा प्रश्न विचारू नये. तसं पाहिलं तर सरकारी पातळीवरही याहून फार वेगळं चालत नाही. १५ ऑक्टोबर, अब्दुल कलामांचा जन्मदिवस, २०१५पासून राज्यात वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा होतो. कार्यालयात टेबलावर पुस्तकं मांडतात, साहेब प्रेरणा देतात, कर्मचारी ती घेतात, फोटो वर पाठवला जातो, पुस्तकं पुन्हा कपाटात जातात. कुलपाची किल्ली कोणाकडे, हा वाद पुढच्या १४ ऑक्टोबरला सुरू होतो. पुण्यात २०२४च्या डिसेंबरात ‘शांतता, पुणेकर वाचत आहेत’ हा उपक्रम झाला. ठरल्या वेळी वाचायचं आणि फोटो पाठवायचा. पुणेकर वाचतात यात नवल नाही, पण ते शांतता पाळून वाचले याचं मात्र फोटो पाहूनच मला नवल वाटलं.

लोक वाचत नाहीत ही ओरड काही आजची नाही. लोकहितवादींनी १८४८ साली ‘प्रभाकर’मध्ये पत्रं लिहायला घेतली आणि आपल्या लोकांना ज्ञानाची हौस नाही म्हणून त्यांची यथेच्छ खरडपट्टी काढली. पण नुसतं खरडून ते थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात ग्रंथालय उभं राहिलं, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. आधी कपाट आणि मग भाषण, अशी तेव्हाच्या लोकांची रीत होती. आमच्या कट्ट्याचं कपाट अजून कार्यकारिणीच्या विषयपत्रिकेवर आहे.

सुदैवाने कोपऱ्यावर एक जुनं ग्रंथालय आहे. सरकारच्या अ, ब, क, ड या वर्गवारीतलं शेवटच्या इयत्तेचं. दोन ट्यूबलाइट, त्यातली एक विचार करून लागणारी. खिडकीशी वर्तमानपत्रांचं तिरकं टेबल आणि पगार विचारू नये अशा ग्रंथपाल बाई. इथल्या पुस्तकांत मला मराठीतली सर्वोत्तम समीक्षा वाचायला मिळते, आणि ती सगळी पेन्सिलीने लिहिलेली असते. पहिल्या कोऱ्या पानावर: ‘शेवटचे पान नाही. नेऊ नये.’ एका पुरस्कारप्राप्त कादंबरीच्या मध्यावर: ‘पृ. ६० पर्यंत वाचले. बास.’ आमच्या कट्ट्यावर साठाव्या पानाला थांबलो असं म्हणण्याची हिंमत आजवर एकालाही झालेली नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या एका रहस्यकथेत कुणा दुष्टाने आरंभीच लिहून ठेवलं आहे: ‘खुनी दिवाणजी.’ त्याखाली दुसऱ्या अक्षरात: ‘गाढवा, सांगितलेस कशाला?’ आणि त्याखाली तिसऱ्या, थरथरत्या अक्षरात: ‘दिवाणजी नाही. निश्चिंत वाचा.’ वाचकाने वाचकासाठी एवढी कळकळ दाखवलेली मी कोणत्याही परिसंवादात पाहिलेली नाही.

हे थरथरतं अक्षर मावशींचं, असा ग्रंथपाल बाईंचा संशय आहे. मावशी सत्तरीच्या पुढच्या, रोज संध्याकाळी भाजीच्या पिशवीत पुस्तक घालून येतात. त्या यादी करत नाहीत. जे वाचून झालं त्याच्या एकविसाव्या पानाच्या तळाशी पेन्सिलीने एक बारीक टिंब देतात, म्हणजे तेच पुस्तक पुन्हा घरी जात नाही. बाई सांगतात, कपाटातलं कोणतंही पुस्तक काढा आणि एकविसावं पान उघडा. मी पाच-सहा काढून पाहिली. टिंब सगळीकडे होतं. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली म्हणतात. ग्रंथालयात त्यातली जेवढी आहेत, तेवढ्या सगळ्यांवर. ‘स्मृतिचित्रे’वर तर एकाखाली एक तीन टिंबं. ‘मावशी, हे तीनदा कसं?’ असं विचारलं, तर म्हणाल्या, ‘लक्ष्मीबाईंकडे जाऊन येते मधूनमधून.’

कट्ट्यावर त्यांना एकदा बोलावलं होतं. या महिन्यात काय वाचणार, असं अध्यक्षांनी विचारलं. त्या म्हणाल्या, ‘कपाटात असेल ते.’ उत्तर संकल्पात बसेना म्हणून इतिवृत्तात घेतलं नाही.

गोम अशी, की कपाटात काही नसतं. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, हे त्यातले दोन. चौथा नियम म्हणतो, वाचकाचा वेळ वाचवा. तो आम्ही सगळ्यात मनावर घेतला. न वाचण्याइतका वेळ दुसऱ्या कशानेच वाचत नाही. पण बाकीच्या नियमांची वाट लागली. एक तारखेला कट्ट्याचे सदस्य यादी घेऊन ग्रंथालयात शिरतात, जाडजूड ते सगळं काखोटीला मारतात, घरी नेऊन फोटो काढतात आणि ठेवून देतात. पूर्वी ही मंडळी पुस्तकं वाचत नव्हती तेव्हा ती निदान कपाटात सापडायची. वाचनसंस्कृतीचा प्रसार झाला आणि मावशींना पुस्तक मिळेनासं झालं.

परवा त्या ‘रणांगण’ मागायला आल्या होत्या. त्यांचं ते वाचायचं राहून गेलेलं, कारण ग्रंथालयात प्रत एकच. बाईंनी नोंदवही काढली. प्रत मार्चपासून बाहेर आहे. आमच्या निवृत्त अधिकाऱ्यांकडून ती त्या दिवशी नाव टिपून घेतलेल्या दोघांपैकी एकाकडे गेली, तिथून बहुधा दुसऱ्याकडे. बाईंनी तिघांनाही फोन केले. तिघांनीही कादंबरीबद्दल फार चांगलं सांगितलं. ती आहे कुठे, ते मात्र सांगता आलं नाही.

म्हणून या सदरातून विनंती. ज्यांच्याकडे ‘रणांगण’ची ती तपकिरी पुठ्ठ्याची प्रत असेल, त्यांनी संध्याकाळी सहा ते आठ या वेळात ग्रंथालयात आणून द्यावी. उशिराचा दंड बाईंनी माफ केला आहे. अभिप्राय लिहून आणायची गरज नाही, आणि वाचलंत का, असं कोणीही विचारणार नाही.