पृथ्वीविरुद्ध फिर्याद

पृथ्वी फिरते याबद्दल धाराशिव जिल्ह्यात आजवर कुणी लेखी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. शाळेच्या पुस्तकात ती फिरते, परीक्षेत दोन मार्कांपुरती फिरते, आणि पुढे माणूस ऊस, सोयाबीन, पोरांची लग्नं यांत गुंतला की ती फिरते का थांबली हे विचारायलाही कुणाला सवड नसते. तिच्या फिरण्याचा खरा जाच होतो तो आमच्यासारख्यांना. आम्ही म्हणजे रात्री दुर्बिणीला कॅमेरा लावून तेजोमेघांचे आणि दीर्घिकांचे फोटो काढत बसणारे.

हिशेब साधा आहे. आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकतं आणि चंद्राची रुंदी अर्धा अंश. म्हणजे दोन मिनिटांत अख्खा चंद्र उठून शेजारच्या जागेवर जाऊन बसतो. देवयानी दीर्घिका इतकी फिकी, की शटर मिनिट-मिनिट उघडं ठेवल्याशिवाय हाती काही लागत नाही. आणि तेवढा वेळ पृथ्वी गप्प बसेल तर शपथ. फोटोत ताऱ्यांच्या जागी नुसत्या रेघा. म्हणून दुर्बीण अशा माउंटवर बसवायची, जो पृथ्वीच्या उलट दिशेनं नेमक्या तिच्याच वेगानं फिरेल : २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांत एक फेरा. थोडक्यात, धाराशिवच्या गच्चीवरून पृथ्वीचं फिरणं रद्द करायचं. छंद एवढाच आहे.

त्यासाठी माउंटचा आस ध्रुवाकडे रोखावा लागतो. लंडनला ध्रुव ५१ अंशांवर ऐटीत असतो. आमच्याकडे १८ अंशांवर. अठरा अंशांवर धाराशिवात काय काय असतं? शेजाऱ्यांची पाण्याची टाकी, कडुलिंब आणि मोबाइलचा टॉवर. या तिघांतून फट उरलीच तर तिच्यात ध्रुव. शिवाय आस इतका आडवा, की ध्रुव धरायची नळी पार खाली येते. तिला डोळा लावायचा तर गुडघे टेकायचे, मान वाकडी करायची आणि एक गाल तिपाईला द्यायचा. एवढी सेवा करून हाती येतो तो ध्रुवही खऱ्या ध्रुवबिंदूवर नाहीच. तो अर्ध्या अंशाहून जास्त अंतरावर आहे आणि त्या बिंदूभोवती रोज घिरट्या घालतो. आत्ता तो कुठे आहे हे मोबाइलला विचारून नळीत त्याला तिथेच बसवावं लागतं. आजीच्या गोष्टीत ज्याला अढळपद मिळालं त्याची ही गत, तर आमच्या गच्चीचं काय सांगावं?

गच्ची तर हलतेच. खाली कुणी दार आपटलं, कुणी जिना चढलं, की पडद्यावरचा तारा उडी मारतो. त्यात उन्हाळ्यात गच्ची ही मुळात कुरडयांची मालमत्ता. दुर्बीण तिथे पोटभाडेकरू. शेवटी बिऱ्हाड वाशी तालुक्यात मेव्हण्याच्या शेतात हलवलं.

तिथे अंधार झकास आणि वाराही झकास. वारा चांगला म्हणून तर या माळांवर पवनचक्क्या आल्या. त्यांना मानवणारा वारा दुर्बिणीला मानवत नाही. मग तिपाईचे पाय आखूड ठेवायचे, वायरी लोंबू द्यायच्या नाहीत, गाडी आडवी लावून आडोसा करायचा. काळ्या रानात तिपाईचा एखादा पाय रात्रीतून हळूच खाली बसतो, आणि इतक्या मेहनतीनं धरलेला ध्रुव सुटतो. त्यावर इलाज म्हणून मेव्हण्यानं गोठ्यामागून शहाबादी फरशीचे तीन तुकडे आणून दिले. महागड्या माउंटमध्ये एवढी मोठी सुधारणा इतक्या स्वस्तात होते, हे कुठल्याही जाहिरातीत छापलेलं नसतं.

आता माउंटच्या पोटातलं सांगतो. आत वर्म गिअर असतं, म्हणजे एक मळसूत्र आणि त्यावर फिरणारं दातेरी चाक. ते कापताना केसाच्या अंशाएवढा फरक राहिलेला असतो, म्हणून मळसूत्राच्या आठ-दहा मिनिटांच्या प्रत्येक फेऱ्यात तारा एकदा पुढे जातो, एकदा मागे येतो. त्यावर उतारा गाइडिंगचा. एक छोटा कॅमेरा एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सारख्या सूचना देतो. तुळजापूरच्या स्टँडवर एसटी मागे घेताना कंडक्टर पत्रा थोपटत ‘येऊ द्या, येऊ द्या’ म्हणतो, तेच हे काम. मात्र कंडक्टर थंड डोक्याचा हवा. हवेच्या थरथरीनं तारा जागच्या जागी नाचत असतो; त्याची प्रत्येक उडी खरी मानून अर्ध्या अर्ध्या सेकंदाला ओरडलं, तर माउंट भांबावून दोन्हीकडे धावतो. दोन-तीन सेकंद थांबून, हळू आवाजात सांगितलेलं त्याला बरं समजतं. तोलही अगदी काट्यावर ठेवायचा नाही. पूर्वेची बाजू किंचित जड असली की दाते एकमेकांना टेकून राहतात, मधल्या फटीत हिंदकळत नाहीत.

हे कंडक्टरचं काम पूर्वी माणसं करायची. आपला जिल्हा निजामाच्या राज्यात होता, तेव्हा हैदराबादच्या निजामिया वेधशाळेनं एक जागतिक काम अंगावर घेतलं होतं. सगळ्या आकाशाचे फोटो काढून नकाशा करायचा, असं १८८७ साली पॅरिसला ठरलं होतं. त्यातला काही पट्टा निजामियाकडे आला. कॅमेऱ्याच्या जोडदुर्बिणीला डोळा लावून, तारा फुलीवरून हलू न देता बसून राहायचं, अशी ती नोकरी. आणि परंड्याच्या शेजारी, करमाळा तालुक्यातल्या जेऊरला, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी पुण्याचे प्रा. कावसजी नायगमवाला आणि अमेरिकेतल्या लिक वेधशाळेचे विल्यम कॅम्बेल तळ ठोकून होते. कॅम्बेलसाहेबांचा एक कॅमेरा चाळीस फूट लांब. एवढं धूड सूर्यामागे फिरवणार कोण? त्यांनी ते फिरवलंच नाही. भिंग जागेवर ठेवलं आणि आतली फोटोची काचच घड्याळी यंत्रानं सूर्याच्या प्रतिमेमागे सरकवली. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटं, आणि त्यासाठी माणूस अमेरिकेहून जेऊरला आला. हे ऐकून मेव्हणा म्हणाला, ‘‘मग तुमचं लई बरंय, दाजी. तुमी वाशीपतुरच येताव.’’

तारे गोल आले म्हणजे फोटो झाला असंही नाही. एका फोटोत दीर्घिका कमी आणि खरखर जास्त असते. म्हणून एकाच जागेचे ढीगभर फोटो काढून संगणकावर एकावर एक रचायचे. पण इथे कायदा वर्गमुळाचा. दर्जा दुप्पट हवा तर वेळ चौपट. एक तासाचा फोटो दुप्पट चांगला करायला चार तास, त्याच्या दुप्पट करायला सोळा. हा कायदा बायकोला समजावून सांगितला, तेव्हा तिनं पहिलाच फोटो उत्तम आल्याचं जाहीर केलं.

खरखरीचं एक मूळ उष्णतेत आहे. सेन्सरचं तापमान सहा-एक अंशांनी वाढलं की त्याच्या आतली गळती दुप्पट होते, आणि मराठवाड्यातल्या एप्रिलला सहा अंश म्हणजे काहीच नाही. म्हणून दुर्बिणीचं तोंड झाकून, तेवढ्याच तापमानात तेवढ्याच वेळाचे फोटो काढायचे आणि ते मूळ फोटोंतून वजा करायचे. रात्री जागून काळोखाचे फोटो काढतो, हे मी चारचौघांत बोलत नाही.

त्यात तुरीची मळणी चालू असली की धूळ. फोटोत तिचे गोल गोल डाग उमटतात. ते घालवायला पहाटेच्या उजेडात दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून कोरे फोटो घ्यायचे. कापड स्वच्छ हवं, पातळ हवं, विणीचं सारखं हवं. शेतातल्या घरात असं कापड एकच होतं, सासऱ्यांचं धोतर. मामा आंघोळ करून ते शोधत अंगणात आले, तर ते दुर्बिणीनं नेसलेलं. थोडा वेळ पाहून त्यांनी विचारलं, ‘‘जावईबापू, थंडी वाजायली का तिला?’’

खरी गंमत पुढेच आहे. इतके सायास करून तारा एका जागी खिळला, की दर काही फोटोंनंतर माउंटला मुद्दाम जरासं हलवायचं. नाहीतर सेन्सरचे स्वतःचे डाग नेमके एकावर एक बसून ठळक होतात. यावर बायको म्हणाली, ‘‘मग गच्ची फुकटात हलत होती, ती काय वाईट होती?’’

आता फिर्यादीचा निकाल बघा. गिअर खोडकर, स्लॅब हलका, रान खचणारं, हवा थरथरणारी, सेन्सर तापट, ध्रुवसुद्धा जागेवर नाही. या सगळ्या गोतावळ्यात वेळ पाळणारी एकटी पृथ्वी. तिच्या एका फेऱ्यात काही मिलिसेकंदांपलीकडे फरक पडत नाही. आरोपी निर्दोष सुटला आणि साक्षीदार एकूणएक आत गेले. ट्रॅकिंग सुधारायचं म्हणजे बाकीच्यांना तिच्याइतकं शिस्तीत वागायला लावायचं, आणि बाकीच्यांत माणसंही आली.

फिकट दीर्घिकांना चांदणं चालत नाही, त्यामुळे आमचा मुहूर्त अमावास्येचा. अंधाराला सरावलेले डोळे बिघडू नयेत म्हणून बॅटरी लाल. लांबून पाहणाऱ्याला हे कसं दिसत असेल? अमावास्येच्या रात्री रानात लाल उजेड, उत्तरेकडे तोंड करून गुडघ्यांवर बसलेले दोघे जण, आणि ते जमिनीत फरशी बसवतायत. रात्रीच्या लाइटवर हरभऱ्याला पाणी द्यायला आलेले शेजारचे अण्णा बांधावरून हेच बघत होते. आमच्याकडे या देखाव्याचा अर्थ एकच : गुप्तधन. बॅटरीचा पांढरा झोत थेट दुर्बिणीवर टाकत अण्णा आले. चालू फोटो गेला.

‘‘अण्णा, सोनंनाणं काही नाही,’’ मी घाईघाईनं लॅपटॉप पुढे केला. ‘‘ही बघा, देवयानी. हिच्यासाठी चाललंय सगळं.’’

अण्णांनी त्या धुरकट पट्ट्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

‘‘लई खोल हाय का?’’

‘‘पंचवीस लाख प्रकाशवर्षं.’’

अण्णांनी एकदा रानाकडे, एकदा रस्त्याकडे बघून मनाशी अंदाज घेतला.

‘‘मग हे हातानं व्हायचं काम न्हाई. सकाळी जेसीबी सांगतो. पण निम्मं आमचं.’’