अडकलेला गुंतवणूकदार

अडकलेला गुंतवणूकदार ही शेअरबाजाराच्या काठावर आढळणारी जमात आहे. कोसळत्या बाजारापेक्षा न हलणाऱ्या बाजारात ती जास्त फोफावते. कोसळण्याला निदान प्रतिष्ठा असते. 2008 मध्ये पैसे बुडाले म्हणणाऱ्यासाठी लोक हळहळले, कुणी चहाही मागवला. 2012 मध्ये ‘पैसे आहेत तिथेच आहेत’ म्हणणाऱ्याला चहा कोण पाजणार?

या जमातीचा अस्सल महाराष्ट्रीय नमुना जानेवारी 2008 मध्ये घडला. 10 तारखेला सेन्सेक्सने 21,206 चा उच्चांक गाठला आणि त्याच आठवड्याच्या आगेमागे रिलायन्स पॉवरच्या शेअरविक्रीची हवा शिगेला पोहोचली. एलआयसी आणि बँकेतली ठेव यांपलीकडे कधी न गेलेल्या डोंबिवलीकर-सदाशिवपेठी मंडळींनी डिमॅट खाती उघडली; पत्नीच्या नावाने, आईच्या नावाने अर्ज भरले. शेअर 450 चा, किरकोळ अर्जदाराला 20 रुपये सूट. सूट आहे म्हटल्यावर आणखी तपासायचे काय असते? 11 फेब्रुवारीला शेअर बाजारात उतरला आणि पहिल्याच दिवशी 372.50 वर बंद झाला. पुढे कंपनीने पाचास तीन बोनस शेअर दिले, त्यामुळे अडकलेल्या शेअरांची संख्या तेवढी वाढली.

तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच आकडा असतो: खरेदीचा भाव. कंपनीवर कर्ज किती, ती कमावते काय, याच्याशी त्याला कर्तव्य नसते. ‘नफा नको, माझा भाव आला की बाहेर’ हे त्याचे वाक्य ऐकायला निरिच्छ संताचे वाटते. अडचण इतकीच की बाजाराला त्याचा भाव ठाऊक नसतो, आणि हा तो वैयक्तिक अपमान मानतो. ‘विकले नाही तोवर तोटा नाही’ हा त्याचा सिद्धान्त. भाव पडला की तो आणखी घेतो. त्याला सरासरी खाली आणणे म्हणतात. सरासरी खाली येते खरी, पण भाव तिच्याही पुढे धावतो. याउलट चांगला शेअर दहा टक्के वाढला की तो लगेच विकून ऑफिसात पेढे वाटतो. हर्श शेफ्रिन आणि मीर स्टॅटमन या अभ्यासकांनी 1985 मध्ये ही खोड शास्त्रीय भाषेत मांडली. अडकलेल्याच्या घरी तेच संशोधन पत्नीने स्वतंत्रपणे पूर्ण केलेले असते, फक्त छापलेले नसते.

संथ काळ त्याला छळतो तो आशा दाखवून. 5 नोव्हेंबर 2010 रोजी, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्ताच्या सौद्यांत निर्देशांक पुन्हा 21,000 च्या वर गेला. 2011 संपताना तो साडेपंधरा हजारांच्याही खाली होता. 2012-13 मध्ये विकासदर दशकातल्या नीचांकाला आला, महागाईला मात्र खाली यायची घाई नव्हती. या काळात दोषी ठरतात ते सरकार, परदेशी वित्तसंस्था, ‘ऑपरेटर’, टीव्हीवरचे तज्ज्ञ आणि क्वचित साडेसाती. शेअर वाढला असता तर तो अर्थातच स्वतःच्या अभ्यासामुळे वाढला असता.

नोव्हेंबर 2013 मध्ये 2008 चा उच्चांक अखेर ओलांडला गेला. निर्देशांक सुटला, त्याचे शेअर काही सुटले नाहीत. मधल्या सहा वर्षांत मेहुण्याने टपाल कचेरीत ठेवलेल्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राने 100 चे 160 केले होते. मेहुणा त्याविषयी अवाक्षर काढत नाही, हेच जास्त झोंबते.

एखादा शेअर कधीतरी खरोखरच ‘त्याच्या भावाला’ येतो. तेव्हा इतकी वर्षे थांबलो, निदान व्याज तरी सुटू दे, असे म्हणून तो नवा भाव ठरवतो. त्यामुळे या जमातीचे शेअर बहुधा वारसच विकतात, तेही खरेदीचा भाव न विचारता.