माईंचा अंगठा

अहो, ऐकलंत का? या जरा इकडे, कुंपणाच्या या अंगाला. तिथून आवाज सरळ माईंच्या खिडकीत जातो. टाके निघाले म्हणे! आणि अंगठा वाकतोय. वाकतोय म्हणजे काय, नाना कोनमापक घेऊन बसतात समोर. लेकीला रोज रात्री न्यू जर्सीला आकडा कळवायचा असतो ना...

तर काय सांगत होते, तुम्हाला ठाऊकच आहे, त्या अंगठ्याला आपल्या अख्ख्या गल्लीने युरिक ॲसिड ठरवून टाकलं होतं. मी नाही हं, समोरच्या वहिनींनी सुरुवात केली. मग तूरडाळ बंद, टोमॅटो बंद, पालक बंद. नानाही बिचारे दुधीवर दिवस काढत होते. आणि रिपोर्ट आला तर ॲसिड अगदी नॉर्मल! वहिनींचा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. "असं कसं, माझ्या मावशीला तर..." म्हणाल्या, आणि पुढे शब्दच नाही.

एक्स-रेत सगळं बाहेर आलं. अंगठ्याच्या बुडाच्या सांध्यातली गादी झिजलेली आणि वरच्या बाजूला हाड वाढलेलं. पाऊल टाकताना अंगठा वर वळायला लागतो ना, तिथेच ते हाड आडवं येतं. दाराखाली खडा अडकल्यावर दार कसं अर्ध्यातच थांबतं, तसं. कडक तळव्याची चप्पल झाली, गोळ्या झाल्या, सांध्यात इंजेक्शन झालं. शेवटी ऑपरेशन.

आणि मग जे रामायण झालं म्हणता! साताऱ्याच्या जाऊबाईंचा फोन. त्यांनी मागेच तो सांधा कायमचा जोडून घेतलाय, स्क्रू घालून. "मी अजिंक्यतारा चढते, दुखणं नावाला नाही, तूही बंद करून टाक," म्हणाल्या. तिकडून लेक कडाडली, "फ्यूजन अजिबात नको! आई, मोशन प्रिझर्व्ह करायची!" तिने तर ठरवूनच ठेवलं होतं. कार्टिव्हा म्हणून एक गोळी असते म्हणे. गिळायची नव्हे हो! हाडाला भोक पाडून त्यात बसवायची, मऊसर, डोळ्यांत घालायच्या लेन्सच्या जातीची. अमेरिकन सरकारने २०१६ मध्ये पास केलेली, म्हणून लेक ठाम. एवढ्यात मागून जावई खाकरले. "अगं, ती २०२४ मध्ये कंपनीनेच परत मागवली. पुन्हा ऑपरेशन करून काढायची वेळ अपेक्षेपेक्षा जास्त जणांवर येत होती." व्हिडिओ कॉलवर अशी शांतता पसरली म्हणता! नाना म्हणाले, नेट गेलं की काय. नेट कुठलं जातंय... लेकीचं तोंडच एवढंसं झालेलं.

बरं, डॉक्टरीणबाई हुशार. एक्स-रे पाहून घाबरल्या नाहीत की घाबरवलं नाही. अंगठा हातात धरला, हळूहळू वरखाली केला आणि विचारलं, "मध्येच दुखतं, की अगदी टोकाला नेल्यावर?" माई म्हणाल्या, "मध्ये काही नाही हो, टोकाला जीव जातो." तिथेच निम्मा निकाल! मध्येच दुखत असतं तर नुसतं हाड तासून भागत नाही म्हणे, जाऊबाईंचाच रस्ता धरावा लागतो. मग विचारलं, "पायाकडून तुम्हाला काय काय हवंय?" आणि माई काय बोलल्या असतील? "बसफुगडी." या वयात! नानांनी खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. पण खोटं काय त्यात? भाचीच्या मंगळागौरीला माईंशिवाय रंग चढतो का? आणि बसफुगडी सगळी चवड्यावर, अंगठा जोडल्यावर कुठली ती...

तर ठरलं. वाढलेलं हाड आणि सांध्याच्या टोकाचा वरचा चौथा-तिसरा हिस्सा तासायचा, गरज पडली तर पुढच्या हाडातून पाचर काढून अंगठा जरा वर कलता करायचा. पण खरी गंमत पुढे आहे. बाई म्हणाल्या, "आत उघडून बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही. गादी निम्म्याहून कमी उरली असेल तर तिथल्या तिथे सांधा जोडून टाकीन. सही दोन्हींसाठी हवी." माईंनी पेन खालीच ठेवलं हो! नाना म्हणाले, म्हणजे आत जाताना ठाऊकच नाही, कुठला पाय घेऊन बाहेर येणार? लेक फोनवर रडवेली. शेवटी माईंनीच सही केली, आणि वर बाईंना बजावलं, "नीट मोजा हं गादी."

मला विचाराल तर बाईंचं हेच मला आवडलं. "वाकवून देते" म्हणून छातीठोकपणे सांगणारे हवे तितके मिळतात.

ऑपरेशन झालं, नर्सने बाहेर येऊन आधी नानांनाच सांगितलं. गादी निम्म्याहून जास्त उरलेली! पाचरीचीसुद्धा गरज पडली नाही. टेबलावरच अंगठा सत्तर अंशांपर्यंत वळवून बघितला म्हणे. नाना तिथेच बाकावर मटकन बसले. माईंना त्याच दिवशी कडक बुटात उभं केलं, आणि आता व्यायाम. वाकवला नाही तर परत आखडतो, म्हणून माई दात-ओठ खाऊन वाकवतात. सकाळी ऐकलं असेल तुम्ही... ते ओरडणं त्यांचंच.

जाऊबाई काय म्हणाल्या माहितीये? "झिजलेली गादी थोडीच परत येणार? आज ना उद्या येशील माझ्याच वाटेवर." लागलं माईंना. पण खरं सांगू, बाईंनीही तेच सांगितलंय, जरा गोड शब्दांत. दुखणं पुढे वाढलं तर जोडायचा मार्ग खुला आहे म्हणून.

आता शनिवारी त्या जाऊबाई येतायत, पाय बघायला. नानांनी आत्ताच जाहीर केलंय, अंगठ्याचा विषय निघाला की मी भाजीला जाणार. तुम्ही याल ना चहाला? मी बाई चार वाजताच जाऊन बसणार आहे.