उपडी बादली

पावसाळ्यातल्या रविवारी कल्याणहून माळशेजकडे निघालात की टोकावड्याच्या आसपास रस्त्याकडेला मक्याच्या शेगड्या पेटलेल्या दिसतात. शेगडीमागे मावशी आणि मावशीखाली उपडी घातलेली रंगाची बादली. वीस लिटरची. अंगावरचं कंपनीचं नाव अर्धं खरवडलेलं, वर गोणपाटाची घडी. टाकाऊ प्लास्टिकचं डिझायनर आसन म्हणतात ते हेच. डिझायनरला तेवढं कळवायचं राहिलंय.

अमेरिकेत इमेको नावाच्या कंपनीने 2010 साली कोका-कोलाला हाताशी धरून वापरलेल्या 111 बाटल्यांची एक खुर्ची काढली. नावातही तो आकडा ठेवला, '111 नेव्ही चेअर'. बसणाऱ्याला पुण्य किती लागलं ते कळायला नको? घाट मात्र जुनाच, 1944 साली नौदलासाठी केलेल्या अॅल्युमिनियमच्या खुर्चीचा. आता 111 बाटल्या म्हणजे आमच्या घाटाच्या हिशेबाने किती? धबधब्याखाली भिजून आलेल्या दोन-तीन मिनीबस. संध्याकाळपर्यंत टेबलासकट सहा खुर्च्या निघाव्यात.

पण गोम वेगळीच आहे. पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी त्रिकोणात 1 हा आकडा असतो. म्हणजे पीईटी. तिला भाव आहे, म्हणून ती रस्त्यावर फार दिवस लोळत नाही. कुणीतरी गोणीत भरून भंगारवाल्याला घालतं. रंगाच्या बादलीवर बहुधा 5, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ती तर घराबाहेरच पडत नाही. रंग संपला की पाण्याला, चीर गेली की बसायला, बूड फुटलं की माती भरून तुळशीला. मागे उरतं ते वेफर्सचं चकचकीत पाकीट. प्लास्टिकचे थर, मध्ये धातूचा मुलामा, सगळं एकमेकांना असं चिकटलेलं की सोडवता सोडवत नाही. भंगारवाला त्याच्याकडे बघतही नाही. 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आली ती स्ट्रॉवर, चमच्यांवर, आइस्क्रीमच्या कांडीवर. पाकीट यादीत नव्हतं. ते अजून आरामात उडत असतं.

तेव्हा बाटल्यांचे बाक करणाऱ्यांनो, जिला आधीच गिऱ्हाईक आहे ती बाटली कशाला वितळवता? पाकिटाचा बाक करा. अवघड आहे, मान्य. म्हणून तर तुम्हाला डिझायनर म्हणायचं.

बाकाच्या टिकाऊपणाचंच म्हणाल तर वैशाखऱ्याच्या पुढून नाणेघाटाची वाट वर चढते. घाटमाथ्याजवळच्या सातवाहनांच्या लेण्यात तीन बाजूंनी कातळातच कोरलेला ओटा आहे. जकात भरणारे व्यापारी टेकले असतील, बैल सोडून आलेले तांडेवाले टेकले असतील. दोन हजार वर्षं झाली, आता ट्रेकवाले टेकतात. वर भिंतीत राजाराणीच्या मूर्ती होत्या, त्यांची पावलंच काय ती उरली. ओटा मात्र शाबूत. त्यावर ना दात्याचं नाव, ना आमदार निधीची पाटी. (असा बाक आजच्या ठाणे जिल्ह्यात मंजूरच झाला नसता.) ओट्याच्या कोपऱ्यात काय पडलेलं असतं, ते तुम्ही ओळखलंच असेल.

तर, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्यासमोर एक गाडी थांबली. उतरलेल्या साहेबांच्या खांद्याला फ्लेक्सपासून शिवलेली पिशवी. मावशी उठली, पदराने बादली पुसली आणि म्हणाली, "बसा दादा." आपण शेगडीशी उकिडवी बसली. दादा बसले. कणीस खाल्लं. उठून बादलीचे चारी बाजूंनी फोटो काढले, गोणपाटाची घडी हाताने चाचपली आणि विचारलं, "मावशी, ही विकणार का?"

मावशीला प्रश्नच कळेना.

"नवी मिळते की मुरबाडला," ती म्हणाली. "रंगासकट."