एकोजीराजांची वाटणी

"काय गं सुमती, वाळवणं घातलीस वाटतं? कावळे हाकलता हाकलता ऐक. काल तू म्हणालीस ना, व्यंकोजी म्हणजे शिवाजी महाराजांना त्रास देणारा भाऊ? तुमच्या साताऱ्याकडे खुशाल म्हणा. इथे तंजावरात ते एकोजीराजे!"

"पण अक्का, इथल्या नायक राजाच्या वारसाला मदत करायला आले आणि गादीवर स्वतःच बसले की!"

"बसले खरे. आदिलशहाने पाठवलं मदुरेवाल्यांना हुसकायला. जिंकले, नि बघतात तर काय, कावेरीचं पाणी, भाताची दोन-दोन पिकं! असा माणूस परत जातो होय? १६७६च्या सुमारास आले, नि घराण्याची गादी संपली ती थेट १८५५ साली. आपले बापजादे त्यांच्याच मागून आले. कुणी कारकून, कुणी शिलेदार, कुणी पुराणिक. नावावर जमीन चढली की मुक्काम पक्का. १८०३ साली त्याच घराण्यातल्या सरफोजीराजांनी तर मोठ्या देवळाच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहासच मराठीत कोरवला."

"आणि १६७७ला महाराज वाटणी मागायला आले, तेव्हा एकोजीराजे रातोरात कोल्लिडम नदी ओलांडून पळाले, ते?"

"हळू बोल, पलीकडचे ऐकतील! अगं, दोघांचे वडील शहाजीराजे १६६४ साली गेले. तेव्हापासून त्यांची दक्षिणेतली सगळी जहागीर एकोजीराजांच्याच हातात. महाराज सावत्र असले तरी थोरले भाऊ. अर्धा वाटा मागितला तर चुकलं काय? पण हे तिरुमळवाडीला भेटले, गोड बोलले. हो म्हणेनात, नाही म्हणेनात. कोर्टात नुसत्या तारखा घेतात ना, तसं. नि एका रात्री पसार!"

"मग लढाई."

"झालीच. एकोजीराजांनी मार खाल्ला.  पण गाडं रुळावर आणलं ते त्यांच्या बायकोने, दीपाबाईने. घरचा कारभारी रघुनाथपंत हणमंते रुसून महाराजांकडे गेलेला. तिने नवऱ्याला सांगून त्यालाच मध्ये घातलं. तह झाला. तरी राजे घुम्यासारखे बसले, तेव्हा महाराजांनीच पत्र लिहून कान उपटले, उदास बसू नका म्हणून. नि तहात महाराजांनी बंगळूरचा मुलूख भावजयीला चोळीबांगडीसाठी दिला. नवऱ्याच्या नव्हे, तिच्या नावावर!"

"म्हणजे भांडले भाऊ आणि पदरात पडलं वहिनीच्या?"

"तेच तर! पण हे आमच्या जाऊबाईंच्या कानावर घालू नकोस हो. तिरुवैयारच्या शेताची वाटणी अजून व्हायचीय."